कळ येते, कळ जाते

माझं बाळंतपण १९९५ सालचं. एका सरकारी रुग्णालयातल्या लेबर रूममध्ये ओळीने लोखंडी खाटा होत्या आणि माझी आई बाहेरच्या बाकावर नऊ तास बसून होती. तिला आत सोडलं नाही. आत काय चाललंय हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि आई बाहेर आहे की घरी गेली हे मला कुणी सांगितलं नाही. मी ओरडले की आया मांडीवर चापट मारायची. टाके घालणार आहेत हे मला टाके घालताना कळलं. यातलं काहीच मी लेकीला कधी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की आईचं नॉर्मल झालं होतं.

त्यामुळे ती सातव्या महिन्यात ठाण्याला माहेरी आली आणि म्हणाली, "आई, मी नेरूळच्या एका बर्थ सेंटरमध्ये नाव घातलंय. कळांवर इंजेक्शन घेणार नाही. आणि आत माझ्याजवळ तू पाहिजेस," तेव्हा मी आधी चिडलेच. एवढ्या सोयी झाल्यात, मग हे हाल कशाला? माझ्या भाचीने एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, घेतलं होतं, मधे दोन तास झोपलीसुद्धा, आणि बाळ-बाळंतीण दोघं छान होते. कोल्हापूरहून विहीणबाईंचाही फोन आला, "पहिलटकरणीला असले प्रयोग नकोत हो, तुम्ही तरी समजवा तिला."

लेक म्हणाली, "कळांची भीती मलाही वाटते. पण आडवं पाडून ठेवतील, उठू देणार नाहीत, त्याची जास्त वाटते. मला चालायचंय. मला कुणीतरी आपलं माणूस धरायला पाहिजे." तिला हे कुठून सुचलं असेल, याचा मी त्या रात्री बराच वेळ विचार करत पडले होते.

सेंटर बघायला गेलो. शांत सेक्टरमधली दुमजली इमारत. खोलीत पलंग होता, पण बुटका आणि भिंतीला लावलेला. मधली जागा मोकळी. छताच्या कडीला बांधलेलं लांब सुती कापड, मोठा रबरी चेंडू, मधोमध खाच असलेलं बुटकं स्टूल, गरम पाण्याचा शॉवर. मी कपाट उघडून दाखवा म्हटलं. त्यात ऑक्सिजन, सलाईन, बाळाला श्वास द्यायची पिशवी आणि रक्तस्राव थांबवायची इंजेक्शनं होती. ते बघितल्यावर माझा जीव थोडा खाली बसला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, की त्या सगळ्यांना घेत नाहीत. बाळ एकच हवं, डोकं खाली हवं, वार गर्भाशयाच्या तोंडाशी नको, रक्तदाब आणि साखर ठीक हवी, ३७ आठवडे पूर्ण हवेत, हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं. लेकीचं तेव्हा १०.२ होतं. मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर, आणि तिच्या पुढे-मागे चहा बंद. हे मी डोळ्यांत तेल घालून पाळलं. छत्तिसाव्या आठवड्यात ११.४ भरलं. यातलं काहीही ऐनवेळी बिघडलं, बाळाचे ठोके उतरले, पाणी हिरवं आलं, जास्त रक्त गेलं किंवा तिला स्वतःलाच कळा सोसवेनाशा झाल्या, तर दहा मिनिटांवरच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं. तिथे आधीच तिच्या नावाची फाईल करून ठेवली होती. ही फाईल नसती, तर मी होकार दिला नसता. आजही देणार नाही.

मिडवाइफ सिस्टर पस्तिशीच्या असतील. मला 'काकू' म्हणायच्या. मिडवाइफ म्हणजे सुईण, आणि सुईण म्हटलं की मला आजोळची म्हातारी सुईण आठवायची, जिच्या हाताला यश होतं पण तपासायचं साधन नव्हतं. या सिस्टर मात्र नर्सिंगची पदवी घेऊन वर प्रसूतीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या. केंद्र सरकारने २०१८ साली मिडवाइफरी सेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि नर्सेससाठी अठरा महिन्यांचं खास प्रशिक्षण ठरवलं, हे मला त्यांच्याकडून समजलं. त्याच ओघात त्यांनी हेही सांगितलं, की सरकारी रुग्णालयांतही बाळंत होणाऱ्या बाईजवळ तिचं एक माणूस राहू द्यावं, असं केंद्राने २०१६ मध्येच कळवलंय. मी मनात हिशेब केला. माझ्यानंतर एकवीस वर्षांनी.

सोबत करणाऱ्यांसाठी दोन रविवार वर्ग होता. जावई आणि मी दोघंही बसलो. कळ आली की कमरेच्या खालच्या सपाट हाडावर मनगटाजवळच्या तळव्याने दाबून धरायचं, तिथेच, हात न हलवता. दुसरा प्रकार म्हणजे दोन्ही कुल्ल्यांवर दोन तळवे ठेवून आत आणि किंचित वर दाबायचं. जावई जिममध्ये जाणारे, पण त्यांचा जोर दंडातून यायचा आणि लगेच दमायचा. सिस्टर मला म्हणाल्या, "काकू, तुम्ही कणीक कशी मळता?" मी दाखवलं. "अस्संच. खांद्यातून, अंगाचा भार टाकून." तीस वर्षं रोज केलेली गोष्ट इथे उपयोगी पडेल, असं कधी वाटलं नव्हतं.

त्याच वर्गात एक शब्द ठरवायला सांगितला. कळांच्या भरात बाई काहीही बोलते. मरते, नको, घरी न्या, कापून काढा. त्या प्रत्येक वाक्यावर गाडी काढायची नसते. पण तिला खरोखर एपिड्युरल हवं असेल तर तेही आपल्याला कळलं पाहिजे. म्हणून एरवी तोंडात येणार नाही असा एक शब्द ठरवायचा. लेकीने 'तलावपाळी' ठरवला. लहानपणी शनिवारी मासुंदा तलावाच्या कडेने फिरायला न्यायचो, तो तिचा आवडीचा भाग. तलावपाळी म्हटलं की एकही प्रश्न न विचारता, एकही वाक्य न समजावता निघायचं. हे आम्ही तिघांनी तिच्यासमोर कबूल केलं.

आषाढातली रात्र होती. दोन वाजता तिने मला उठवलं. चिकट, किंचित रक्ताचा स्राव दिसला होता आणि ओटीपोटात दुखून राहत होतं. जावई चार दिवसांपासून आमच्याकडेच होते, ते धडपडत उठले आणि बॅग दाराशी नेऊन ठेवली. मी सिस्टरना फोन लावला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. बाळ हलतंय ना? पाणी गेलंय का? कळा चालू असताना ती बोलू शकते का? मग म्हणाल्या, "काकू, दिवा मालवा आणि तिला झोपवा. तुम्हीही झोपा. ही सुरुवात आहे."

झोपणं हे त्या दिवसातलं पहिलं अवघड काम होतं. हात-पाय काहीतरी करायला शिवशिवत होते. पण ती पहाटेपर्यंत दोन कळांच्या मधे दहा-बारा मिनिटं डुलक्या काढत राहिली, आणि त्या झोपेवर तिने पुढचा सगळा दिवस काढला. सकाळी मऊ भात, तूप, मेतकूट. गरम पाण्याने अंघोळ. मी माझी नखं मुळापासून कापली, हातातल्या बांगड्या उतरवल्या. केसांना तेल लावलं होतं ते धुऊन टाकलं, कारण तिला त्या वासाने मळमळायला लागलं. अशा बारीक गोष्टींकडे लक्ष द्यायला हवं. त्या दिवशी तिचं नाक, कान, कातडी, सगळंच उघडं पडल्यासारखं झालं होतं.

अकराच्या सुमाराला कळा पाच मिनिटांवर आल्या, प्रत्येक मिनिटभर टिकणारी, तासभर तशाच. निघालो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं होतं म्हणून कळव्यावरून न जाता मुलुंडला वळून ऐरोलीच्या पुलाने गेलो. टोल माफ झाल्यापासून तिथे थांबावं लागत नाही, याचं एवढं बरं पूर्वी कधी वाटलं नव्हतं. लेक मागच्या सीटवर उलटी, गुडघ्यांवर, सीटच्या पाठीला कवटाळून. मी तिच्या कमरेवर हात धरून. जावई प्रत्येक खड्ड्याला "सॉरी, सॉरी" म्हणत होते. शेवटी ती म्हणाली, "बोलू नका कुणीच."

सेंटरवर तपासलं, तर गर्भाशयाचं तोंड तीनच सेंटिमीटर उघडलेलं. दहा लागतात. लेक रडायला लागली. दहा तास कळा सोसून तीन. मलाही पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. सिस्टर तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि समजावून सांगितलं. पूर्वी तासाला एक सेंटिमीटर हा हिशेब धरायचे आणि त्यात न बसणाऱ्या बाईला लगेच औषध लावायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं, की खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरा, त्याआधी प्रत्येकीचं शरीर वेगळा वेळ घेतं, आणि आई-बाळ ठीक असतील तर घाई नको. "तू मागे पडलेली नाहीस. अजून तुझं सुरूच व्हायचंय. बाळाचे ठोके १४० आहेत, छान आहेत. जा, फिरून ये."

जावई गाडीत अर्धा तास पाठ टेकतो म्हणाले. झोप त्यांचीही झाली नव्हती. आम्ही दोघी ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या पाण्याकडेच्या वाटेवर चालत राहिलो. वर बारीक पाऊस, एका छत्रीत आम्ही. हिवाळ्यात या भागात फ्लेमिंगो येतात, ते पावसाआधीच गेलेले. पाणी नुसतं राखाडी आणि सपाट. कळ आली की ती माझ्या गळ्यात हात टाकून लोंबकळायची, कंबर सैल सोडायची, मी पाय रोवून उभी राहायचे. चालायला येणारे लोक बाजूने जायचे. एक आजी थांबल्या, काही बोलल्या नाहीत, हात जोडून पुढे गेल्या.

तिथे तिने विचारलं, "माझ्या वेळी आजी होती तुझ्याजवळ?"

मी खोटं बोलू शकले असते. त्या वेळेला तिला घाबरवायचं नाही, असंही मनात आलं. पण सांगितलं. बाकावर बसलेली आई, चापट, टाके. "मग तू काय धरलं होतंस?" खाटेचा गज, म्हटलं. पुढची कळ आली, ती लोंबकळली, आणि या वेळी तिचे हात माझ्या मानेभोवती नुसते आधाराला नव्हते. कळ ओसरल्यावरही तिने सोडलं नाही. पाऊस दोघींच्या पाठीवर पडत होता, कारण छत्री केव्हाच कलंडली होती.

सव्वासहाला परत तपासलं. पाच. आता खरं सुरू झालं.

पुढच्या पाच-सहा तासांचं सलग असं काही आठवत नाही. खोलीत दिवा मंद. सिस्टर कोपऱ्यात. दर अर्ध्या तासाने कळ संपता संपता पोटावर डॉपलर लावून मिनिटभर ठोके ऐकायच्या आणि लिहायच्या. बाकी वेळ त्या आहेत हे कळतही नव्हतं. जावई पुढून, मी मागून. लेक चेंडूवर बसून पलंगावर डोकं टेकायची, मी कमरेवर दाबायचे. "खाली... डावीकडे... जोरात... तिथेच." पुढे पुढे तेवढंही बोलणं बंद झालं, नुसता हात मागे करून जागा दाखवायची. प्रत्येक कळेनंतर नळीने एक घोट पाणी किंवा शहाळं. दीड-दोन तासांनी लघवीला न्यायचं, तिला वाटो न वाटो, कारण भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याची वाट अडवतं. हे काम माझ्याकडे होतं आणि ती दर वेळी नाही म्हणायची. मी "चल" म्हणून नुसती उभी राहायचे.

ती किंचाळायला लागली की सिस्टर तिच्या कानाशी येऊन खालच्या पट्टीत 'ऊऊऊ' करायच्या. वरचा आवाज गळा आवळतो आणि त्याबरोबर सगळं अंग आवळतं, खालचा आवाज अंग सैल करतो. थोड्या वेळाने लेकीच्या पोटातून जो आवाज यायला लागला, तो मी लहानपणी पहाटे अंथरुणात ऐकलेला होता. जात्याची घरघर. आजी दळायची तेव्हा भिंतीतून यायची तशी. मीही त्या सुरात सूर मिसळला. लाज वाटली नाही. कळ उतरली की मी एवढंच म्हणायचे, "कळ आली, कळ गेली." सिस्टरनी वर्गात शिकवलेलं ते वाक्य. थोडंच राहिलं, शूर आहेस, रडू नकोस, यातलं काहीही बोलायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. थोडंच राहिलंय की नाही, ते आपल्याला कुठे माहीत असतं? आणि रडणाऱ्या बाईला रडू नको सांगणं म्हणजे तिचा तेवढाही मार्ग बंद करणं.

साडेआठला पाणमोट फुटली. सगळ्यांचे डोळे एकदम चादरीकडे गेले. पाणी स्वच्छ होतं. सिस्टर "क्लिअर" म्हणाल्या आणि मी पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं. त्यानंतर कळांमधला बफरच गेल्यासारखा झाला. एक संपते न संपते तोच दुसरी. गरम पाण्याच्या शॉवरखाली स्टुलावर बसली तेव्हा जरा बरं वाटलं. जावई कपड्यांसकट आत भिजत उभे होते, शॉवरचा पाइप तिच्या कमरेवर धरून, पाऊण तास. त्या माणसाबद्दल माझ्या मनात जे काही उणंदुणं होतं, ते त्या पाऊण तासात संपलं.

आणि मग अकराच्या सुमाराला माझ्याकडून चूक झाली.

लेक थरथर कापत होती. ओकली होती. डोळे कुठेच बघत नव्हते. "मला नाही होत. मला नाही होत आई. घरी चल." सातपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचा हा टप्पा सगळ्यांत कठीण असतो, थरथर आणि उलटी त्यातच येते, 'मला जमत नाही' हे वाक्यही त्यातच येतं. हे सगळं मला वर्गात सांगितलं होतं, मी वहीत लिहूनही घेतलं होतं. पण तिच्या तोंडचं "आई" ऐकलं आणि वही कुठल्या कुठे गेली. मला ती लोखंडी खाट दिसली. मी तिच्यासमोर वाकून म्हणाले, "तलावपाळीला जायचं का राणी? सांग, लगेच जाऊ."

तिने माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही. त्यात राग नव्हता. तिच्या हातातली काठी मी काढून घेतल्यासारखं तिने बघितलं. तो शब्द तिचा होता. तिने उच्चारायचा होता. तो मी तिच्या तोंडात घातला, कारण मला सोसवत नव्हतं. तिला सोसवत नव्हतं की नाही, हे मी विचारलंच नव्हतं.

सिस्टर शांतपणे जवळ आल्या. लेकीला म्हणाल्या, "शब्द तुझा आहे. तू म्हणालीस तर निघू. मी पुढच्या तीन कळांनंतर परत विचारते." आणि मला म्हणाल्या, "काकू, बाहेर चहा ठेवलाय. पाच मिनिटं बसून प्या. सकाळपासून तुम्ही काही खाल्लेलं नाही."

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. बसल्यावर लक्षात आलं, की बाकावर बसलेय. बंद दार, आतून येणारा आवाज, आणि हातात काही नाही. तीस वर्षांपूर्वी माझी आई कशी बसली असेल, हे मला त्या पाच मिनिटांत कळलं. ती जाऊन नऊ वर्षं झालीत. चहा प्यायले, दोन बिस्किटं खाल्ली, तोंड धुतलं. मग दार ढकलून आत गेले, आणि कुणीही मला अडवलं नाही.

तीन कळा झाल्या होत्या. सिस्टरनी विचारलं. लेक मान खाली घालून बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आईला मागे दाबायला सांगा." मी तळवे तिच्या कुल्ल्यांवर ठेवले.

तिने त्या क्षणी 'तलावपाळी' म्हटलं असतं, तर आम्ही गेलो असतो, आणि ते बाळंतपणही तितकंच तिचं असतं. हे मी मनापासून लिहितेय. इंजेक्शन न घेणं हा काही तिचा पराक्रम म्हणून मी सांगत नाहीये. तिला काय हवंय हे तिला ठरवता आलं आणि ते तिने बदललं असतं तरी चाललं असतं, हे मला मोठं वाटतं.

बाराला दहा मिनिटं कमी असताना तिचा आवाज बदलला. कळेच्या टोकाला अडखळून कण्हल्यासारखा. सिस्टर तो आवाज ओळखून उठल्या. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलं होतं. जोर लाव असं कुणी ओरडलं नाही. अंग आपण होऊन जोर लावत होतं, तेवढाच. आधी कापडाला लटकून उकिडवी, मग स्टुलावर, मग गुडघे-हातांवर. आता दर पाच मिनिटांनी ठोके ऐकणं चालू होतं. डॉक्टरबाईही येऊन बसल्या. डोक्याचा रुपयाएवढा काळा भाग दिसायचा आणि कळ संपली की परत आत जायचा. तासभर हे चाललं. बघणाऱ्याला वाटतं, की काहीच होत नाहीये. पण असं पुढे-मागे होतच जागा ताणली जाते, हे सिस्टर मला आरशात दाखवून सांगत होत्या. त्यांनी गरम पाण्यात पिळलेली घडी खाली धरून ठेवली होती, कातडी फाटू नये म्हणून. शेवटी त्या म्हणाल्या, "आता जोर नको. फुंकर मार, हळू हळू फुंकर." आणि लेक चुलीवर फुंकर मारावी तशी फुं फुं करत राहिली.

एक वाजून चोवीस मिनिटांनी डोकं आलं. मानेभोवती नाळेचा एक वेढा होता. माझ्या छातीत धस्स झालं, पण सिस्टरनी बोटाने तो गळ्यातली माळ काढावी इतक्या सहज काढला. मग खांदा, आणि मग सगळंच एकदम. निळसर, ओलं, गरम. दोन क्षण शांतता. ते दोन क्षण मी श्वास घेतला नव्हता. मग रडणं. मुलगी.

बाळ सरळ तिच्या छातीवर गेलं. वर पंचा, डोक्याला टोपी. नाळ लगेच कापली नाही. तिचं उडणं थांबेपर्यंत थांबले, म्हणजे वारेतलं रक्त बाळाला मिळतं. मी बोट लावून बघितलं. नाळ खरंच उडत होती. थांबल्यावर जावयांनी कापली. मांडीत ऑक्सिटोसिनचं एक इंजेक्शन दिलं, जास्त रक्त जाऊ नये म्हणून. ते लेकीने आधीच मान्य केलं होतं. वेदनेवरचं औषध नको म्हणजे कुठलंच औषध नको, असं आमचं कधीच नव्हतं. वीस मिनिटांत वार पडली, ती पूर्ण आहे का हे उलटसुलट करून तपासलं. दोन टाके पडले. आधी विचारून, सांगून, भूल देऊन. मी तिचा हात धरून होते आणि सिस्टर "आता टोचेल" म्हणाल्या तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना.

वजन नंतर, तासाभराने केलं. दोन किलो नऊशे पन्नास. तोवर बाळ छातीवरच सरकत सरकत दुधापर्यंत पोचलं होतं. आपलं आपण. लेक बघत राहिली आणि म्हणाली, "आई, हिला रस्ता माहितीये."

साडेतीनला ती म्हणाली, भूक लागली. डब्यातला वरणभात मी तिथल्या स्वयंपाकघरात गरम केला, वर तूप आणि चिमूटभर मीठ. तिचे दोन्ही हात बाळाभोवती होते म्हणून मी भरवायला बसले. माझी मनगटं इतकी सुजली होती, की घास वळेना. जावयांनी वाटी माझ्या हातातून घेतली, एक घास तिला भरवला आणि पुढचा माझ्यासमोर धरला. "आई, तुम्हीही खा." बाहेर पाऊस थांबला होता आणि सिस्टर टेबलाशी बसून सगळ्या वेळा नीट लिहून काढत होत्या. एका रकान्याशी थांबून त्यांनी मला पूर्ण नाव विचारलं. "प्रसूतीवेळी सोबत कोण होतं, ते लिहायचंय काकू."

मी नाव सांगितलं. लेकीने तोंड उघडलं, तिला आणखी भात हवा होता.